राखणदार जातीच्या पिल्लाला दुसरं घर शोधताना

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये माझा भाचा बायको-मुलीला घेऊन गाडीनेच हिमाचलला गेला आणि येताना सफरचंदाच्या रिकाम्या खोक्यात एक काळं, गुबगुबीत पिल्लू घेऊन आला. मनालीच्या अलीकडे रस्त्याकाठी कुणीतरी विकायला बसलं होतं, पोरीने हट्ट धरला, सौदा झाला. नाव ठेवलं भालू. आमच्या आईला हसू आवरेना, कारण तिच्या मराठीत भालू म्हणजे म्हातारी कोल्हीण. दिवाळीपर्यंत ते अस्वल २२ किलोंचं झालं. मुक्काम इंदूरला, विजयनगरकडच्या एका मल्टीत (बहुमजली इमारतीत), तिसऱ्या मजल्यावर. रात्री दोन वाजता गॅलरीत उभं राहून ते खालून जाणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलला जाब विचारायचं. एक दिवस भाच्याचा फोन आला, "आत्या, तुझ्या एवढ्या ओळखी आहेत. कुणाला तरी देऊन टाक ना याला."

मी हो म्हटलं आणि पहिल्याच झटक्यात चूक केली. ती पुढे सांगते. त्यानंतर आणखी दोन मोठ्या पिल्लांची घरं माझ्या हातून लागली, म्हणून आता लोक विचारायला येतात. सगळ्यांना मी पहिली गोष्ट एकच सांगते. आजचं पिल्लू डोळ्यांसमोरून काढा. तुम्ही घर शोधताय ते दोन वर्षांनंतरच्या, चाळीस किलोंच्या, रात्रभर जागणाऱ्या कुत्र्यासाठी. पिल्लाला हो म्हणणारे शंभर भेटतात. त्या कुत्र्याला हो म्हणणारा एक शोधायचा असतो.

आधी ठरवा, द्यायचंच आहे का

कागद घ्या आणि तक्रारी लिहून काढा. मग प्रत्येकीपुढे लिहा, ही वयाची आहे की जातीची.

चपला फाडणं, हाताला दात लावणं, घरात शू करणं या वयाच्या तक्रारी. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हा पिल्लू सोफ्याचा पायसुद्धा सोडत नाही. हे सरतं. यासाठी कुत्रा देऊ नका, दोन महिने कळ काढा.

रात्री भुंकणं, पाहुण्याला दारात अडवणं, हाक मारली तरी आधी स्वतः विचार करून मग येणं (किंवा न येणं), कुंपण ओलांडून हद्द वाढवत नेणं, या जातीच्या तक्रारी. त्या वयाबरोबर वाढतात. राखणदार कुत्र्याची खरी राखण दीड-दोन वर्षांचा झाल्यावर उमलते. आज गॅलरीतून भुंकणारा उद्या जिन्यात उभा राहील. तुमचं घर मल्टीत असेल आणि यादीत दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी जास्त असतील, तर देण्याचा विचार योग्य आहे, आणि तो जितक्या लवकर कराल तितका बरा. सहा महिन्यांच्या पिल्लाला घर मिळतं. दोन वर्षांच्या, एकदा कुणाला चावलेल्या कुत्र्याला जवळपास मिळत नाही.

फक्त सोसायटीचे सेक्रेटरी दम देतात म्हणून देत असाल तर थांबा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना स्पष्ट आहेत. बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. त्या सूचना छापून हातात ठेवा. मात्र शेजारच्या आजोबांची झोप खरोखर मोडत असेल, तर कागद दाखवून ती परत येत नाही, हेही खरं.

पिल्लू नोंदणीकृत ब्रीडरकडून घेतलं असेल तर पहिला फोन त्यालाच करा. चांगला ब्रीडर आपलं पिल्लू परत घेतो किंवा दुसरं घर शोधायला मदत करतो. रस्त्याकाठच्या विक्रेत्याचा नंबर अर्थातच लागत नाही. भाच्याने लावून पाहिला.

तुमच्या घरात नेमकं कोण आलंय

भालू गद्दी जातीचा. चंबा-कांगड्याकडचे गद्दी धनगर उन्हाळ्यात मेंढ्या-बकऱ्या घेऊन लाहौलच्या बाजूला चढतात आणि थंडीत खाली उतरतात. हे कुत्रे त्यांच्या कळपाबरोबर चालतात. बिबट्याने नरडं धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने गद्दीची देशी जात म्हणून नोंद केली आहे. आपल्या इंदूरकरांना हे नवं वाटू नये. होळकर मुळात धनगर, कुलदैवत खंडोबा, आणि राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आजही आहे. खंडोबाजवळ कुत्रा असतोच.

सांगायचा मुद्दा असा की हा कुत्रा कळप हाकत नाही, कळपात राहतो. दिवसा पडून असतो, अंधार पडला की उठतो आणि "मी इथे आहे" हे लांबूनच कळावं म्हणून भुंकतो. मालकाला विचारायला मैलभर कोण जाणार, म्हणून निर्णय स्वतःच घेतो. तिसऱ्या मजल्यावर भालू बिघडला नव्हता. तो रात्रपाळीवर होता, कळप तेवढा नव्हता.

तिबेटी मॅस्टिफ, कॉकेशियन शेफर्ड, अलाबाय, कांगल हे याच कुळातले, म्हणजे गुराढोरांचे राखणदार. रॉटवायलर, केन कोर्सो यांचा पिंड वेगळा, ते माणसाला आणि घराला जास्त चिकटतात. नवं घर शोधताना हा फरक सांगावा लागतो. पहिल्यांना जागा आणि काम हवं, दुसऱ्यांना रोज वेळ देणारा, हाताखाली शिकवणारा माणूस.

यातल्या काही जातींबाबत कायद्याचा घोळही माहीत असू द्या. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. त्यात कांगल, कॉकेशियन, अलाबाय, रॉटवायलर, केन कोर्सो आणि सरसकट मॅस्टिफ होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. तरी यादीतली जात असेल तर देण्याआधी दोन्हीकडच्या, म्हणजे तुमच्या आणि घेणाऱ्याच्या, पालिकेत सध्याचा नियम विचारून घ्या. कुत्रा पोचल्यावर कुणी अडवलं तर भटकणार तोच.

देण्याआधीचे तीन आठवडे: डॉक्टर

तीन आठवडे म्हणजे कमीत कमी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू तर द्यायचंच नाही. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीच्या नियमांनुसार ते विकताही येत नाही, आणि आई-भावंडांत राहून दात किती जोरात लावायचा हे पिल्लू त्याच आठवड्यांत शिकतं.

लसींचं कार्ड उघडा. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर पडायला हवा. बरेच लोक दोन डोस देऊन "झालं" म्हणतात आणि पिल्लू पार्वोने जातं. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, पुढे बूस्टर. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही नसेल तर तो डोस झालाच नाही असं धरा. भालूच्या कार्डावर विक्रेत्याने स्वतःच्या अक्षरात तीन तारखा टाकल्या होत्या, तिन्ही एकाच पेनाने. डॉक्टरांनी ते कार्ड बाजूला ठेवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

जंताचं औषध वजनावर देतात, म्हणून आधी वजन करा. शौचाचा नमुना तपासा. माळव्यात पावसाळा संपता संपता गोचिडांचा कहर असतो, आणि गोचिडतापात पिल्लू बाहेरून ठीक दिसत असताना रक्तातल्या प्लेटलेट्स घसरलेल्या असतात. खाणं कमी, ताप, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर रक्त तपासल्याशिवाय देऊ नका. मोठी तपासणी लागली तर इंदूरकरांना महू जवळ आहे. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे, आणि हाडा-सांध्यांचं काही निघालं तर मी तिकडेच जाते.

एक सवय मात्र तातडीने बंद करा, कॅल्शियमचं सिरप. "मोठा कुत्रा आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत" म्हणून घरोघरी चमचा-चमचा पाजतात. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला वरचं कॅल्शियम अपायच करतं, हाडं वेडीवाकडी वाढतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं खाणं द्या किंवा डॉक्टरांकडून घरच्या जेवणाचं प्रमाण घ्या. अंगाने भरलेलं पिल्लू लोकांना आवडतं, पण बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. गुळगुळीत टाइल्सवर घसरणं आणि दिवसातून चार वेळा तीन मजले चढ-उतार, हेही सांध्यांना वाईट. भालूला खाली-वर नेताना लिफ्ट बंद असली की भाचा त्याला उचलून न्यायचा, तो १५ किलोंचा होईपर्यंत. पुढे कुणी उचलायचं?

नसबंदी करूनच द्यावी असं सांगणारे भेटतील. लहान जातींसाठी ठीक. मोठ्या जातींची हाडं दीड वर्षाच्या आसपासपर्यंत वाढत असतात आणि फार लवकर केलेली नसबंदी सांध्यांना महागात पडू शकते. म्हणून ती करारात लिहून घ्यायची, डॉक्टर सांगतील त्या वयात, आणि झाल्याचा कागद तुम्हाला पाठवायचा. मायक्रोचिप मात्र आत्ताच बसवा. पंधरा आकडी नंबर आणि त्यामागे तुमचा फोन, एवढं पुरतं.

तेच तीन आठवडे: शिकवणी

अनोळखी गोष्टी सहज स्वीकारण्याचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंतच असतं. भालू माझ्याकडे रामबागेत आला तेव्हा ते केव्हाच उलटून गेलं होतं, म्हणजे शिकतो, पण मंद आचेवर. रोज दहा-दहा मिनिटं. पट्टा, साखळी न ओढता चालणं, गाडीत बसणं, तोंड-कान-पंजे बघू देणं, ताटलीजवळ माणूस आला तरी न गुरगुरणं. शेवटच्यासाठी सोपी युक्ती आहे. ताटलीतलं काढायचं नाही, जाता जाता त्यात एक चांगला तुकडा टाकायचा. माणूस जवळ येतो तो काही तरी घेऊन येतो, असं डोक्यात बसतं.

मग माणसांची यादी. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, सिलिंडरवाला, काठी टेकणारे आजोबा, छत्री, साडीत वाकलेली बाई, रांगणारं मूल. प्रत्येकाला लांबून बघायला द्या, पिल्लू शांत असताना खाऊ द्या, जवळ नेण्याची घाई करू नका. फटाके आणि रंगपंचमीच्या गेरीतले (मिरवणुकीतले) डीजे यांना यादीत घेऊ नका, त्या दिवशी कुत्र्याला आत ठेवा, बास.

आणि सगळं वहीत लिहा. काय घाबरवतं, काय शांत करतं, कशावर गुरगुरतो. माझ्या वहीत भालूच्या पानावर होतं: "प्रेशर कुकरची तिसरी शिट्टी. दुसरीपर्यंत काही नाही." हेच पान पुढे नव्या घरी जातं.

जाहिरात

फोटो काढताना पिल्लू मांडीवर घेऊ नका. त्याला स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरशेजारी बसवा. भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या आसपास भरतो. बघणाऱ्याला एका नजरेत कळतं की हा अजून वाढला तर काय होईल. आईबापाचा किंवा त्याच जातीच्या मोठ्या कुत्र्याचा फोटो मिळाला तर तोही जोडा.

मजकुरात वाईट आधी, चांगलं नंतर. मी लिहिलं होतं ते असं:

"गद्दी जातीचा नर, सहा महिने, २२ किलो, ४० च्या आसपास जाईल. रात्री भुंकतो आणि भुंकत राहणार. एकटा बांधून ठेवला तर कोसळतो. कोंबड्या पाहिलेल्या नाहीत. माणसांशी पहिले दहा मिनिटं राखून, मग लाडका. फ्लॅटसाठी नाही, साखळीसाठी नाही, पहिलाच कुत्रा पाळणाऱ्यासाठी नाही. घर बघितल्याशिवाय मिळणार नाही."

भाचा म्हणाला, "आत्या, असं लिहिलंस तर कोण फोन करेल?" सात आले. आधीच्या, नुसत्या "गोड पिल्लू, प्रेमळ घर हवे" अशा मजकुराला साठ आले होते, आणि त्या साठांतूनच मी चुकले.

"फुकट" हा शब्द लिहू नका. फुकटात मिळालेलं पिल्लू विकणारे, पैदाशीला जुंपणारे, झुंजीला नेणारे याच शब्दाच्या मागावर असतात. फायदा कमवायचा नाही, पण लसी आणि तपासणीचा खर्च मागा. पंचवीसशे रुपये काढताना कुरकुरणारा माणूस महिन्याला पाच हजारांचं खाणं-औषध कुठून काढणार? भालूचा महिन्याचा खर्च त्याहून कमी कधी नव्हता.

चौकशी कुठे करायची? तुमचे डॉक्टर, त्यांच्याकडे येणारे शेतमालक, शहरातल्या प्राणिमित्र संस्था, त्या जातीचे कुत्रे आधीच पाळणारे. गावातल्या ओळखीपेक्षा डॉक्टरांची ओळख जास्त कामाची, कारण कोण कुत्रा आजारी पडल्यावर पहिल्या दिवशी आणतो आणि कोण आठव्या, हे त्यांना पाठ असतं.

फोनवर

आवडीनिवडी विचारू नका, दिवस विचारा. "सकाळी सहाला घरात कोण उठतं? रात्री कुत्रा कुठे झोपेल? तुम्ही लग्नाला चार दिवस गावी गेलात तर कोण बघेल? याआधीचा कुत्रा कसा गेला?" शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे. "गाडीखाली आला", "पळून गेला", "कुणाला तरी दिला" अशी तीन उत्तरं एकाच माणसाकडून आली की पुढचं काही विचारायचं नाही. बारा वर्षं जगला आणि म्हातारपणी गेला असं कुणी सांगितलं, सांगताना थांबला, तर त्याचं घर बघायला जा.

काही फोन लगेच नाकारायचे. बायकोला वाढदिवसाची भेट हवी असणारे. "जोडी लावायची आहे" म्हणणारे. म्हाताऱ्या आईवडिलांना सोबत म्हणून पाठवू पाहणारे, कारण चाळीस किलोंनी एक झटका दिला की खुब्याचं हाड गेलं. आणि "घरी विचारून सांगतो" म्हणणाऱ्याला, घरच्यांचा आवाज फोनवर ऐकल्याशिवाय पुढे न्यायचं नाही.

घर बघायला जाताना

इथेच मी फसले. एका कारखानदाराचा फोन आला. गोड बोलणारा, मोठी जागा, "मॅडम, राजासारखा राहील". दोन एकरांची जागा, भिंत आठ फुटी, पाणी, सावली, सगळं बघितलं. एक बघायचं राहिलं, गोदामामागची बाजू. आठव्या दिवशी न सांगता गेले. गोदामामागे जमिनीत ठोकलेला एक खुंटा, त्याला दीड मीटरची साखळी, आणि साखळीच्या टोकाइतकं अर्धवर्तुळ मातीत कोरलेलं. त्या अर्धवर्तुळात भालू. पाण्याचं भांडं साखळीच्या बाहेर लाथेने सरकलेलं. मी पहिल्या दिवशी मागे चक्कर मारली असती तर ते अर्धवर्तुळ तेव्हाच दिसलं असतं, कारण ते भालूने कोरलेलं नव्हतं. आठ दिवसांत एवढी माती जात नाही. आधीच्या कुत्र्याचं होतं. पट्टा उघडला, भालूला गाडीत घातलं, त्या माणसाशी वाद घालत बसले नाही.

तेव्हापासून घर बघायला गेले की सगळ्यात आधी मागची बाजू बघते. आणि जमीन बघते. कुत्रं कुठे राहतं हे माणूस सांगतो त्यापेक्षा माती खरं सांगते.

बाकी काय बघायचं ते आता सांगते. भिंत किंवा जाळी पाच-सहा फुटी आणि फाटकाखाली फट नाही, कारण ही कुत्री उडी मारण्यापेक्षा उकरतात. उन्हातली सावली: इंदूरला मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि दुहेरी केसांच्या कुत्र्याला त्याचा त्रास होतो. झाड, ओली माती, पाण्याचा उथळ हौद असला तर उत्तम. उन्हाळ्यात त्याचे केस भादरू नका असंही सांगून ठेवा, ते केस ऊनही थोपवतात. विंचरून मोकळे ठेवायचे. शेतावर असेल तर कठडा नसलेली विहीर, उंदराचं औषध, आणि डुक्कर-घोडारोजांना (नीलगायींना) रोखायला ओढलेली वीजतार. ही शेवटची गोष्ट स्पष्ट विचारा. "आमच्याकडे नाही" म्हटलं तरी शेजारच्या वाफ्याकडे बोट दाखवून पुन्हा विचारा. गड्यांची लहान मुलं शेतावर राहतात का, तेही.

जेवणाचा विषय काढताना आपल्याकडे लोक जरा ताठरतात. घर शाकाहारी असलं तर हरकत नाही, पण नुसती पोळी आणि दूध यावर मोठ्या जातीचं पिल्लू वाढत नाही. अंडं तरी चालेल का, तयार खाणं आणाल का, हे मोकळेपणाने ठरवून घ्या. मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट वायूने फुगून पीळ पडतो आणि काही तासांत जीव जातो. म्हणून दिवसाचं खाणं दोन वेळा वाटून द्यायचं आणि जेवल्यावर पळवायचं नाही. पोट फुगलंय, ओकारीचा नुसता उमाळा येतोय पण बाहेर काही नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. ही दोन वाक्यं मी नव्या मालकाकडून म्हणवून घेते.

बकऱ्या किंवा कोंबड्या असतील तर आणखी एक गैरसमज दूर करा. राखणदार जातीचं असलं तरी पिल्लू आल्या दिवशी कळप राखत नाही. जो कधी कळपात वाढला नाही तो आधी खेळेल, आणि खेळात कोंबडी मरते. महिनाभर जाळीपलीकडून ओळख, मग तुम्ही हजर असताना आत, आणि दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत एकट्यावर सोपवणं नाही.

भालूचं खरं घर सिमरोलच्या बाजूला मिळालं. बकऱ्या, दोन गायी, जुना एक म्हातारा कुत्रा. तो म्हातारा व्हरांड्यात मधोमध झोपला होता आणि घरातली माणसं त्याला ओलांडून ये-जा करत होती, कुणी पायाने सरकवत नव्हतं. मी फाटकातूनच ठरवलं. बाकीचे प्रश्न रीत म्हणून विचारले. मावशी (सगळे त्यांना तसंच म्हणतात) माळवीत म्हणाल्या की रात्री भुंकणारा हवाच आहे, न भुंकणारे दोन आहेत, एक हा म्हातारा आणि एक नवरा.

कागद

ओळखीत कागद कशाला, असं वाटतं. ओळखीतच लागतो. साध्या कागदावर दोन प्रती, दोन्ही बाजूंच्या सह्या, ओळखपत्राची झेरॉक्स. त्यात हे यायला हवं: कुत्र्याचं वर्णन आणि चिपचा नंबर, आजवरच्या लसी आणि आजार, तो चावला असेल तर कुणाला आणि कसा. मग अटी. कायम बांधणार नाही. पैदाशीला वापरणार नाही, नसबंदी अमुक वयात. विकणार किंवा परस्पर देणार नाही. ठेवणं जमलं नाही तर, कारण काहीही असो, कुत्रा पहिल्यांदा तुमच्याकडे परत. पहिले पंधरा दिवस दोन्ही बाजूंना चाचणीचे.

चावल्याचं लपवणं हा नुसता खोटेपणा नाही. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रस्त्यावर सोडून देणंही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसतं. तिथला दंड वाचून हसू येतं, पहिल्या गुन्ह्याला ५० रुपयांपर्यंत, पण नोंद राहते.

कागदाबरोबर लसींचं मूळ कार्ड, केनेल क्लबचे कागद असतील तर नाव बदलण्याचा अर्ज, आणि पालिकेत नोंदणी केली असेल तर ती नव्या मालकाच्या नावावर. तुमच्या नावावर राहिली आणि कुत्रा कुणाला चावला, तर पोलीस तुमच्याच दारात.

नेण्याचा दिवस

सकाळी लवकर निघा. निघायच्या तीन-चार तास आधी खाणं नाही, पाणी थोडं थोडं. उन्हाळ्यात नेणं शक्यतो टाळाच, पावसाळा उतरल्यावर किंवा थंडीत द्या. लांबच्या गावाला रेल्वेने पाठवता येतं, पहिल्या वर्गाच्या पूर्ण कूपेत मालकासोबत किंवा ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत. पेटीत एकट्या पिल्लाला मी कधी पाठवलं नाही आणि पाठवणारही नाही. गाडी करा, खर्च वाटून घ्या.

बरोबर काय द्यायचं? दहा दिवस पुरेल एवढं त्याचंच खाणं, हळूहळू नवं मिसळायला. त्याची गोधडी, न धुतलेली. वही. आणि दोन पट्टे, एक गळ्याचा, एक छातीचा. नव्या जागी पहिला आठवडा पिल्लू पळून जाण्याचा सगळ्यात जास्त धोका असतो, म्हणून कुंपणाच्या आतसुद्धा लांब दोरी लावूनच फिरवायचं, असं बजावून सांगा.

पोचवल्यावर तासभर थांबा, हिंडा, चहा घ्या, आणि निघताना समारंभ करू नका. भाच्याची मुलगी आमच्याबरोबर आली होती. तिला आधीच सांगितलं होतं की रडायचं तर गाडीत. ती गाडीत रडली, भाचाही रडला. भालूने वळून बघितलं नाही, त्याला बकऱ्यांचा वास लागला होता.

त्यानंतर

पहिले तीन दिवस पिल्लू खात नाही किंवा कोपऱ्यात बसतं. नव्या मालकाचा घाबरून फोन येईल, तेव्हा "पाणी पितोय ना? मग राहू द्या" एवढंच सांगा. तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, आणि तेव्हाच खरे गुण दिसायला लागतात, गुरगुरणंही. रुळायला तीन महिने लागतात. म्हणून माझे फोन तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात. मधे एक फेरी, न सांगता, हे आधीच सांगून ठेवलेलं. रोज फोन करून जीव खाऊ नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर समाधानही मानू नका. फोटोत साखळी कापता येते.

जुन्या मालकाने पहिले तीन महिने भेटायला न गेलेलं बरं. भाचा दीड महिन्यात गेला. भालू त्याच्या गाडीमागे फाटकापर्यंत आला आणि संध्याकाळपर्यंत फाटकातच बसला, मावशींनी मला फोन करून चांगलं सुनावलं. त्यांचं बरोबर होतं.

"परत आला तर माझ्याकडे" ही अट कागदावर लिहिली की ती निभवायची तयारीही लागते. जागा, महिनाभराचा खर्च, घरातल्यांची संमती. मी दिलेल्या तीन पिल्लांपैकी एक रॉटवायलर चार महिन्यांनी खरंच परत आली, मालकाची बदली झाली म्हणून. पुढचं घर मिळेपर्यंत अकरा आठवडे ती आमच्या अंगणात होती, आणि आईच्या तुळशीचे दोन कुंड्यांसह बारा वाजले. भालूची जुनी लोखंडी पेटी आणि एक मोठा पट्टा अजून आमच्या जिन्याखाली आहे. दर पावसाळ्यात पट्ट्याला तेल लावून ठेवते.